चार किल्ले, एक रविवार: काशीदच्या मुक्कामातून आखलेली सहल

पार्श्वभूमी

पुण्याचं एक कुटुंब डिसेंबरच्या शेवटी काशीदला एका रिसॉर्टवर तीन रात्री मुक्कामाला आलं होतं. शनिवारी दुपारी पोहोचायचं, मंगळवारी निघायचं. माणसं आठ: आजी, त्यांचा मुलगा आणि सून, लेक आणि जावई, शिवाय चौदा, नऊ आणि सहा वर्षांची तीन मुलं. आजींचं वय पंचाहत्तरीच्या आसपास, दोन्ही गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. सोबत भाड्याची ट्रॅव्हलर आणि तिचा ड्रायव्हर.

मी अलिबाग तालुक्यात राहतो आणि ओळखीतल्या लोकांना इथले किल्ले दाखवायला नेतो. या कुटुंबाने सहलीच्या आठवडाभर आधी सल्ला विचारला आणि रविवारी सकाळच्या टप्प्यात मी त्यांच्याबरोबर होतो. पुढचं काही माझ्यासमोर घडलं, काही त्यांनी नंतर सांगितलं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मुक्कामाची जागा नकाशावर कुठे आहे हे आधी समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. काशीद अलिबाग-मुरूड रस्त्यावर साधारण मधोमध येतं. दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर मुरूड, त्यापुढे राजपुरीचा धक्का आणि समोर खाडीच्या तोंडाशी जंजिरा. उत्तरेला कोर्लई, मग कुंडलिका नदीवरचा साळावचा पूल, पलीकडे रेवदंडा आणि त्याच्याही पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला. म्हणजे बघण्यासारखे अवशेष दोन्ही अंगांना आणि राहण्याची खोली मध्ये.

मूळ बेत

बेत जावईबापूंनी आखला होता. एका कागदावर चार नावं, त्यांच्यापुढे किलोमीटर आणि वेळा. सकाळी नऊला निघून आधी कुलाबा, मग येताना रेवदंडा आणि कोर्लई, मुरूडला जेवण, आणि संध्याकाळी चारला जंजिरा. ‘अलिबाग ते राजपुरी पंचावन्न किलोमीटर, म्हणजे दीड तास धरला तरी खूप झाला,’ हे त्यांचं गणित. कागद नीटनेटका होता. अंतरं तर जवळजवळ अचूक होती.

त्या कागदावर समुद्र मात्र कुठेच नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

कोकणातल्या पडक्या किल्ल्यांचे दोन प्रकार करता येतील: ज्यांचा रस्ता पाणी ठरवतं ते आणि बाकीचे. या चारांपैकी कुलाबा पहिल्या प्रकारातला. अलिबागच्या किनाऱ्यापासून ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं बनलेला हा किल्ला आजही पायवाट उघडी करायची की नाही हे भरती-ओहोटीवर सोडतो. जंजिऱ्याला होडी कायम लागते, पण तिथेही दरवाजाच्या पायऱ्यांवर उतरणं सोपं की अवघड हे पाण्याची पातळी आणि वारा ठरवतात. रेवदंड्याचा समुद्राकडचा तट खालून बघायचा तर वाळू मोकळी हवी. पाण्याशी देणंघेणं नसलेला एकटा कोर्लई. तिथे दीपगृहाकडून चढता येतं, फक्त उजेड हवा.

इकडे भरतीची वेळ काढायला एक सोपा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. रविवारी मार्गशीर्ष वद्य सप्तमी होती. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, आणि ओहोटीची टीप त्यांच्या मधोमध, साडेअकराच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला पुरतो. दुसरी गोष्ट, सप्तमी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथलं पाणी जितकं चढतं-उतरतं त्याच्या निम्म्याहूनही कमी भांगाला. म्हणजे ओहोटी असली तरी कुलाब्याची वाट पूर्ण कोरडी पडेलच असं नाही, घोटाभर-गुडघाभर पाणी राहू शकतं.

आता मूळ बेत या हिशेबावर ठेवून बघा. कुलाबा दहा-साडेदहाला, म्हणजे ओहोटीच्या जवळ, ठीक. पण तिथून परत किनाऱ्यावर यायलाच साडेबारा. पुढे दोन किल्ले आणि जेवण उरकून राजपुरीला पोहोचेपर्यंत साडेचार-पाच. तेव्हा भरती टिपेला आलेली, दुपारनंतरचा समुद्रावरचा वारा वाढलेला आणि शेवटच्या होड्या परतायच्या बेतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यातून नाताळच्या सुट्टीतला रविवार. अशा दिवशी राजपुरीच्या धक्क्यावर तिकिटाच्या रांगेची लांबी सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणखी एक अडचण कागदावर नव्हती: आजी. ‘आई येतील की हळूहळू,’ एवढ्यावर तो विषय संपवला होता.

विचारात घेतलेले पर्याय

फोनवर आणि नंतर शनिवारी संध्याकाळी रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसून चार पर्याय चर्चेला आले.

पहिला, मूळ बेतच पण उलटा. सकाळी जंजिरा, मग कोर्लई, रेवदंडा आणि शेवटी कुलाबा. संध्याकाळी भरतीला कुलाब्याला चालत जाणं शक्य नव्हतं आणि चारही ठिकाणी नुसतं शिवून यावं लागलं असतं. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला, जावईबापूंचा चेहरा मात्र उतरला.

दुसरा, रविवारी फक्त जंजिरा. आरामात जायचं, मुरूडला जेवायचं, परत येऊन समुद्रात डुंबायचं. सुनेचं मत हेच होतं. मला स्वतःला तो वाईट वाटला नव्हता, पण चौदा वर्षांच्या मुलाला इतिहासात रस होता आणि त्याला रेवदंड्याचं पोर्तुगीज बांधकाम बघायचंच होतं. ते त्याने कुठे वाचलं कोण जाणे, पण १५७०-७१ साली निजामशाहीने चौलला घातलेला वेढा त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

तिसरा, होडीच टाळायची. कोर्लई आणि रेवदंडा, दोन्ही उत्तरेला, दोन्ही पोर्तुगीज, गर्दी बेताची. रेवदंड्याच्या तटबंदीतून गाडीरस्ताच आत जातो, त्यामुळे आजींनाही सोयीचं. या पर्यायाला कोणी मत दिलं नाही. काशीदपर्यंत येऊन जंजिरा न बघता परत जायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं चंद्रभागेत पाय बुडवून येणं, असं आजींचंच म्हणणं पडलं.

चौथा, दोन भागांत दिवस. सकाळी लवकर जंजिरा, दुपारी एक ठिकाण उत्तरेकडचं. कुलाबा रविवारच्या यादीतून काढून मंगळवारी घरी जाताना करायचा. परतीचा रस्ता अलिबागवरूनच होता आणि मंगळवारी नवमी, म्हणजे ओहोटी साडेबारा-एकच्या सुमारास. निघायच्या वेळेशी ती बरोबर जुळत होती. हा पर्याय सगळ्यांना पटला.

सोमवारी जंजिरा करावा, गर्दी कमी असेल, असंही मी सुचवलं होतं. पण आजींच्या मुलाला सोमवारी ऑफिसच्या मीटिंगा होत्या. समुद्रकिनारी सुट्टीवर येऊन लॅपटॉपपुढे बसायचं हे आता घराघरांतलं वास्तव आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

निर्णयाचा पहिला टप्पा: नाश्ता

सकाळी लवकर म्हणजे किती लवकर? मी सातला निघा म्हणालो. पहिल्या होड्यांपैकी एखादी मिळाली असती, पाणी अजून उतरत असताना पायऱ्या गाठता आल्या असत्या. पण रिसॉर्टचा नाश्ता साडेआठला सुरू होणार होता आणि तो भाड्यात धरलेला होता. ‘पैसे भरलेत त्याचे,’ हे वाक्य शनिवारी रात्री मी तिघांच्या तोंडून ऐकलं. डबा बांधून मिळेल का विचारल्यावर सँडविच आणि उकडलेली अंडी देऊ असं स्वयंपाकघरातून उत्तर आलं. मुलांना मात्र टेबलावरचे पॅनकेक हवे होते.

शेवटी मधला मार्ग निघाला: साडेआठला टेबलावर, पावणेनऊला गाडीत. मधले मार्ग अशा वेळी दोन्हीकडून तोट्याचे ठरतात. गाडी प्रत्यक्षात नऊ वाजून दहा मिनिटांनी हलली. राजपुरीला पोहोचायला दहा वाजले, कारण वाटेत मुरूडच्या बाजारातून गाड्यांची रांग मुंगीच्या गतीने सरकत होती. ट्रॅव्हलर लावायला धक्क्याजवळ जागा नव्हती, ड्रायव्हरने ती बरीच मागे नेऊन उभी केली.

दुसरा टप्पा: धक्क्यावर, आजींचं काय

आजींनी होडीत बसावं की नाही यावर गाडीतच दोन तट पडले होते. मुलगा नको म्हणत होता, लेक म्हणत होती की आईला विचारा तरी. आजी म्हणाल्या, ‘एवढ्या लांब आले ते काय काठावर बसायला?’

मी एकच सांगितलं. धक्क्यावर होडीत चढणं जमेल, खरी कसोटी पलीकडे आहे. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. होडी दरवाजापाशी येते, तिथे तिला टेकायला सपाट धक्का नाही, समोर दगडी पायऱ्या. खलाशी दोराने होडी ओढून धरतो, लाटेबरोबर काठ वर येतो, खाली जातो, आणि वर आला त्या क्षणी पाऊल पायरीवर टाकायचं. एक खलाशी होडीतून ढकलतो, दुसरा पायरीवरून हात धरतो. तरण्या माणसाला त्यात काही नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला त्या एका क्षणात शरीराचा सगळा भार एका पायावर घ्यावा लागतो. ओहोटी जवळ असली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं.

आजींनी लगेच हो-नाही केलं नाही. धक्क्यावर उभ्या राहून त्यांनी परतलेल्या एका होडीतून माणसं उतरताना पाहिली. त्यात त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या. आजींनी त्यांना सरळ गाठून विचारलं, ‘तिकडे कसं हो?’ त्या बाई म्हणाल्या, ‘दोघांनी उचललं मला. बघितलं खरं, पण सारखं परत कसं चढायचं तेच मनात.’ आजींनी निर्णय घेतला: नाही.

माझ्या मते सगळ्या सहलीतला हा सर्वांत चांगला निर्णय. तो त्यांचा त्यांनी, डोळ्यांनी बघून घेतला, म्हणून दिवसभर कुणाच्या मनात खंत उरली नाही. लेकीने आणि ड्रायव्हरने त्यांना जवळच खोकरीला नेलं. जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दींच्या कबरींचे तिथे तीन दगडी घुमट आहेत, त्यांतला मोठा सिद्दी सुरुलखानाचा. गाडी जवळपर्यंत जाते, झाडांची सावली असते आणि रविवार असूनही तिथे त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. आजी तिथे तासभर बसल्या, जाळीचं कोरीवकाम बघितलं आणि लेकीशी घरच्या गोष्टी बोलल्या.

जंजिऱ्यावर

बाकीच्यांना होडी मिळायला पावणेअकरा झाले. शिडाची होडी, त्यात दाटीवाटीने माणसं, अंगात लाइफ जॅकेट. वाटेत गाइडने ऐकीव आणि खरं एकत्र मळून इतिहास सांगितला. किल्ला शेवटपर्यंत जिंकता आला नाही हे खरं. १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला होता आणि मोगल फौजेच्या चढाईमुळे तो अर्धवट सोडावा लागला, हेही खरं. तोफांचे पल्ले आणि भुयारं याबद्दल जे सांगतात ते करमणूक म्हणून ऐकावं.

ओहोटी टिपेला आली होती. भांग असल्यामुळे पाणी फार खाली गेलं नव्हतं, तरी खालच्या दोन-तीन पायऱ्या हिरव्या आणि ओल्या. नऊ वर्षांची मुलगी घसरली, खलाशाने दंडाला धरून उचलून वर ठेवली. चपला निसरड्या होत्या, बूट घाला असं कुणीतरी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आत साधारण तासाभराची मुदत असते, मग आपल्या होडीची हाक येते. तेवढ्यात दरवाजावरचं हत्ती पंजात धरलेल्या पशूचं शिल्प, कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचा मोठा तलाव आणि वाड्याचे उभे सांगाडे एवढंच बघून होतं. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचा साठा, हा किल्ला इतकी वर्षं टिकण्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मी मुलांना आधी बालेकिल्ल्याकडे वर नेलं आणि तोफा शेवटी ठेवल्या. बहुतेक गट उलट करतात, तोफांपाशी फोटोत वीस मिनिटं जातात आणि वरून पश्चिमेला दिसणारा पद्मदुर्ग बघायचाच राहतो. शिवाजी महाराजांनी याच सिद्दीला शह द्यायला तो बांधला. दोन्ही किल्ले एका नजरेत आले की नुसत्या तारखांपेक्षा जास्त कळतं.

परत धक्क्यावर साडेबारा. मी तिथून निघालो.

तिसरा टप्पा: दुपार

मुरूडला एका खानावळीत जेवायला बसले. सुरमईची थाळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. सुट्टीच्या रविवारी आठ थाळ्या यायला तास लागला आणि कुणी तक्रार केली नाही, मासे तसेच होते म्हणे. निघेपर्यंत सव्वादोन.

उत्तरेला जायचं तर काशीदवरूनच जावं लागतं. किनाऱ्याजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये एकेरी वाट. तीन वाजता रिसॉर्टच्या कमानीसमोर गाडी अडकून उभी राहिली आणि सहा वर्षांच्या मुलाने पोहण्याच्या तलावासाठी भोकाड पसरलं. दिवसाचा बेत इथे मोडला असता. सुनेने दोन मिनिटांत तोडगा काढला: ती धाकट्या दोघांना घेऊन उतरली, बाकीचे पुढे गेले. एकत्र आलो तर एकत्रच फिरायचं हा हट्ट तिने सोडला, हे मला विशेष वाटलं.

आता कोर्लई की रेवदंडा? कोर्लई आधी लागतं, पण चढ आहे आणि आजी गाडीत होत्या. रेवदंडा निवडलं. साडेतीनला पोहोचले. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांत चर्चच्या भिंती, कमानी उभ्या आहेत. जागा खासगी, त्यामुळे वाडीवाल्याला विचारून आत शिरले. सातखणी मनोऱ्याचे सगळे मजले आज शाबूत नाहीत, तरी नारळांच्या वर त्याचं डोकं दिसतं. थोरल्या मुलाने एका पडक्या भिंतीवरची पोर्तुगीज ढालीची खूण हाताने चाचपून पाहिली, आजींनी खाली पडलेली सुपारी उचलून पदरात बांधली. समुद्राकडच्या तटाखाली मात्र जाता आलं नाही. पाणी चढत होतं, वाळूची अरुंद ओली पट्टी उरली होती आणि मोठी लाट थेट दगडांना लागत होती.

काय साधलं, काय राहिलं

रविवारी चारांपैकी दोन ठिकाणं झाली, दोन्ही थोडी अर्धवट. कोर्लई राहिला. त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज मिश्रणाची बोली घराघरांत बोलतात, ती ऐकायची संधीही हुकली.

मंगळवारी बेताप्रमाणे कुलाबा झाला. बाराच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचले तर वाटेत गुडघ्याच्या खाली पाणी होतं. पोरं चालत गेली. आजी घोडागाडीत बसल्या. गाडी उंच असते, चढायला स्टूल मागून घ्यावं लागलं, पण एकदा बसल्यावर थेट किल्ल्यापर्यंत. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या मंदिरात त्यांनी निवांत दर्शन घेतलं. मूळ कागदावर हा किल्ला अर्ध्या तासात उरकायचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

त्याच रविवारी, त्याच माणसांना घेऊन, मी आज असा बेत देईन. सातला निघून जंजिरा. साडेदहापर्यंत राजपुरीहून सुटका. परत येताना काशीदला अर्धा तास थांबायचं. खोली वाटेतच आहे, तिचा उपयोग करायचा, ज्यांना थांबायचंय त्यांनी तिथेच थांबायचं, आणि नाश्ता हवाच असेल तर उरलेला नाश्ता तेव्हा. बाराच्या सुमारास रेवदंडा, ओहोटी नुकतीच सरलेली, तटाखालची वाळू मोकळी. रेवदंडा किंवा चौलला जेवण. कोर्लई परतीच्या वाटेवर, चारच्या उतरत्या उन्हात, चढू शकणाऱ्यांनी वर आणि बाकीच्यांनी खाली दीपगृहापाशी. तीन ठिकाणं होतात आणि अंधाराच्या आत खोलीवर.

जावईबापूंना हे पटलेलं नाही. सुट्टीत मुलांना सहाला उठवायचं नसतं, असं ते म्हणतात, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते बरोबर असू शकतात. तसं असेल तर मी सकाळचा जंजिरा ठेवीन आणि दुपारचं सगळं काढून टाकीन. रेवदंड्याला थोरल्या मुलाला घेऊन त्याच्या बाबांनी सोमवारी मीटिंगा संपल्यावर जावं.

मुक्काम पक्का करण्याआधी पंचांग किंवा भरतीचं कोष्टक बघितलं असतं तर उधाणाच्या दिवसांचा आठवडा निवडता आला असता. तेव्हा कुलाब्याची वाट अधिक काळ मोकळी मिळते, मात्र पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे चालत जायचं तर अगदी सकाळी किंवा संध्याकाळी. पावसाळ्यात तर जंजिऱ्याच्या होड्याच बंद असतात, तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढच्या वर्षी त्यांना पद्मदुर्ग करायचा आहे. तिथे जंजिऱ्यासारखी नेहमीची होडी नाही, वेगळी ठरवावी लागते, आणि ती कधी निघेल हे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वारा बघून सांगतो. त्यामुळे या वेळी जावईबापूंनी मुक्कामाच्या तारखा ठरवण्याआधी फोन केला आहे.